घरात टाकलेली टोमॅटोची रोपे दोन पानांवरच अडकली आहेत

प्रश्न (धुळे)

आमच्याकडे डिसेंबरमध्ये पहाटे चांगलाच गारठा असतो, म्हणून उन्हाळी टोमॅटोचे बी मी गच्चीवर न टाकता घरात, पूर्वेच्या खिडकीखाली, प्रोट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या रोपट्रेमध्ये) टाकले. माध्यमात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि साधारण तिसरा हिस्सा गांडूळखत आहे. बी व्यवस्थित उगवले, पहिली दोन खरी पानेही आली. परंतु त्यानंतर रोपे बोटभर उंचीच्या पुढे सरकलेली नाहीत. ती लांबट होऊन कललेली नाहीत, पाने वळलेली नाहीत, कीडही दिसत नाही. पान उलटून पाहिले, तर शिरांवर स्पष्ट जांभळी झाक आहे. ट्रे फरशीवरच ठेवले आहेत. बोअरचे पाणी जड असल्यामुळे घरी आरओ बसवलेले आहे आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच रोज संध्याकाळी रोपांना देते. रोपे रोगट आहेत की उपाशी आहेत? थोडा युरिया देऊन पाहावा का?

उत्तर (शहादा)

ताई, युरिया कृपया देऊ नका. पानाच्या खालच्या बाजूची जांभळी झाक हे रोपाला स्फुरद (फॉस्फरस) मिळत नसल्याचे लक्षण आहे, पण त्याचा अर्थ माध्यमात स्फुरद नाही असा होत नाही. मुळांजवळचे तापमान १५ अंशांच्या खाली राहू लागले की टोमॅटोची मुळे स्फुरद उचलण्यात फार मंद होतात, आणि मग खत समोर असूनही रोप उपाशी राहते. टोमॅटोचे बी २५ ते ३० अंशांत उत्तम उगवते. आपल्या भागातील जानेवारीची रात्र त्याच्या आसपासही नसते. खोलीतील हवा उबदार वाटली तरी फरशी रात्रभर थंड असते, आणि संध्याकाळी पाणी दिल्यामुळे ते ओले, गार माध्यम सकाळपर्यंत मुळांना चिकटून राहते. ट्रे लाकडी पाटावर किंवा थर्माकोलच्या जाड तुकड्यावर ठेवा. दिवसा ते दक्षिणेकडील भिंतीलगत उन्हात न्या, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि तेथे ऊन सर्वाधिक वेळ टिकते. पाणी सकाळी ऊन चढल्यावर आणि वरचा थर सुकल्यावरच द्या. उजेड कमी पडला असता तर रोपे ताणून उंच झाली असती. तुमची खुजी आहेत, म्हणून मी उजेडाला मुख्य कारण मानत नाही.

उत्तर (यावल)

वरील उत्तर योग्य आहे, परंतु मला अधिक काळजी पाण्याची वाटते. आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढते, ते सारे त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात जमा होतात. म्हणजे जड म्हणून आपण जे पाणी पीत नाही, त्याहूनही जड पाणी या कोवळ्या मुळांना मिळत आहे. त्यात रोज थोडे थोडे पाणी दिले की पाणी उडून जाते आणि क्षार कप्प्यातच साचत राहतात. वाढलेले टोमॅटोचे झाडही जमिनीची क्षारता २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या (हे क्षारता मोजण्याचे एकक) पुढे गेली की कमी उत्पादन देऊ लागते, आणि रोप तर त्याहून नाजूक असते. शिवाय कोकोपीट न धुता वापरले असेल, तर त्यात मुळातच सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. कप्प्यांच्या कडेला पांढरी पापुद्र्यासारखी रेघ आली आहे का, ते पाहावे. एक रोप मातीच्या गोळ्यासह अलगद काढून मुळांची टोकेही तपासावीत. आरओ दुरुस्त करणाऱ्यांकडे पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, असतो. ट्रेमधून निथळलेले पाणी त्यावर मोजून घेतल्यास शंका उरणार नाही.

प्रश्नकर्ती (धुळे)

पांढरी रेघ आहे आणि ती बोटाने खरवडली जाते. मुळे गोळ्याच्या मधोमध थोडीशीच आहेत. टोके पांढरी नसून विटकरी झाली आहेत, मात्र सडल्याचा वास येत नाही. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस २,००० च्या वर आला. आता ही रोपे वाचवावीत की नव्याने बी टाकावे?

उत्तर (रावेर, रोपवाटिका चालवतो)

ताई, दोन्ही आजच सुरू करा. टीडीएस २,००० म्हणजे क्षारता साधारण ४ डेसिसायमन प्रति मीटर. एवढ्यात रोप तग धरते, वाढत नाही. पावसाचे साठवलेले किंवा आरओचे शुद्ध पाणी दुपारी उन्हात कोमट करून प्रत्येक कप्प्यातून भरपूर वाहू द्या आणि खाली निथळणाऱ्या पाण्याचा आकडा ५०० च्या आसपास येईपर्यंत हे करा. ट्रेखाली पाणी साचू देऊ नका. त्यानंतर खत लगेच देऊ नका; मधल्या शेंड्यातून नवे, स्वच्छ हिरवे पान निघाले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदाच. ज्या रोपांना पांढरी मुळे फुटतील, ती मोठ्या पिशवीत दलपत्रांपर्यंत (बी उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत) खोल लावा, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटतात.

पण केवळ त्यांच्यावर विसंबून राहू नका. पोसलेले रोप २५ ते ३० दिवसांत लागवडीला येते आणि आपल्याकडे मार्चअखेरीस पारा चाळिशीकडे झुकतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. अडकलेले रोप फेब्रुवारीत सावरले, तरी त्याचा बहर नेमका त्या उन्हात सापडेल. म्हणून याच आठवड्यात धुतलेल्या कोकोपीटमध्ये ताजे बी टाका. बियाण्याच्या एका पाकिटापेक्षा हंगाम महाग आहे.

उत्तर (यावल)

कोकोपीट पाण्यात भिजवून पिळावे आणि पिळलेल्या पाण्याचा टीडीएस मूळ पाण्याच्या जवळ येईपर्यंत ते पुन्हा धुवावे. आरओचे बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यासाठी आणि न्हाणीघरासाठी वापरता येईल. कुंड्यांना मात्र ते देऊ नये.