मदत हवी आहे: ऑटोक्लेव्हनंतर मीडियाचा पीएच १० वर टिकत नाही

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करते आहे. प्रकल्प रंगाईच्या सांडपाण्यातल्या जिवाणूंवर आहे. इथे चादरी-टॉवेलचं सूत रंगवताना रिअॅक्टिव्ह रंग पक्का बसावा म्हणून सोडा, कॉस्टिक वापरतात. त्यामुळे बाहेर पडणारं पाणी चांगलंच अल्कलाइन असतं. मी आणलेल्या नमुन्याचा पीएच १० च्या आसपास भरला, म्हणून न्यूट्रियंट अगारही (जिवाणू वाढवायचा घट्ट मीडिया) पीएच १० चा करून त्यावर काय वाढतं ते बघायचंय.

घोडं इथेच अडलंय. १ नॉर्मल (1N) सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक, थेंबाथेंबाने घालते. मीटरवर १०.० दिसलं की ड्रॉपर बाजूला ठेवते, पण नुसतं ढवळत राहिलं तरी आकडा ९.९, ९.८ असा उतरायला लागतो. अगार न घातलेला थोडा ब्रॉथ (पातळ मीडिया) सोबत ऑटोक्लेव्ह करते, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करते, १२१ अंशांना १५ मिनिटं. गार झाल्यावर त्याचा पीएच नऊच्याही खाली! शिवाय रंग गडद तपकिरी आणि तळाशी पांढरट गढूळपणा.

कॉस्टिकचं द्रावण ४० ग्रॅम पेलेट्सचं एक लिटर, डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेलं, काचेच्या बाटलीत आहे. बाटलीच्या तोंडाशी पांढरी पूड धरते. ते खराब झालंय का? की आधीच पीएच ११ ला नेऊन ठेवू? मीटर ७ आणि ९.२ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून घेते. प्लीज कुणीतरी सांगा, पुढचं सगळं काम यावर अडलंय.

प्रतिसाद:
ताई, मीटरचा दोष दिसत नाही. पांढरी पूड म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून झालेलं सोडियम कार्बोनेट. द्रावण ताजं करा, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत ठेवा. कॉस्टिक काच खातं. पण त्याने मूळ प्रश्न सुटणार नाही. कॉस्टिक पीएच चढवतं, धरून ठेवत नाही. मीडियातल्या पेप्टोनची (प्रथिनांचे तुकडे) बफर करण्याची, म्हणजे पीएच धरून ठेवण्याची ताकद १० ला तोकडी पडते, आणि अल्कलीत ते तापवलं की तपकिरी होतं, आम्लं सुटतात, पीएच घसरतो. ११ ला नेलंत तर हेच जास्त होईल. गढूळपणा बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा असावा.

अल्कलीफाइल, म्हणजे अल्कलीतच जोमाने वाढणाऱ्या जिवाणूंवर आयुष्यभर काम केलेल्या जपानच्या होरिकोशींच्या मीडियात लिटरला १० ग्रॅम सोडियम कार्बोनेट असतं आणि ते वेगळं निर्जंतुक करतात. तुम्हीही अगारसकट मीडिया ९०० मिलीत करा, पण साहित्य लिटरभराचंच घ्या. १० ग्रॅम कार्बोनेट १०० मिलीत वेगळं ऑटोक्लेव्ह करा. मीडिया ५०-५५ अंशांवर आला की कोमट कार्बोनेट त्यात ओता, हलक्या हाताने फिरवा, लगेच प्लेट्स ओता. थंडगार द्रावण ओतलंत तर अगारच्या गुठळ्या होतात. डब्यावरचं लेबल मात्र नीट वाचा: १० ग्रॅम हे निर्जल कार्बोनेटचं वजन आहे. दहा रेणू पाण्याचं असेल तर २७ ग्रॅम लागेल.

आणि कॉस्टिक करताना गॉगल हवाच. पेलेट्स पाण्यात थोड्या थोड्या टाका, कधीही पेलेट्सवर पाणी ओतू नका. एकदम तापून उडतं. डोळ्यात गेलं तर लगेच नळाखाली किमान १५ मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरांकडे.

धागाकर्ती:
मनापासून आभार! उद्याच कार्बोनेट वेगळं करून बघते. आधीच्या प्लेट्सवर वाढलेल्या वसाहती टाकून द्यायच्या का?

प्रतिसाद:
अजिबात नको. नव्या प्लेट्सवर आणि पीएच ७ च्या साध्या अगारवर त्या वसाहतींच्या शेजारी शेजारी रेघा ओढा. ज्या फक्त १० ला जोमाने वाढतील त्या अल्कलीफाइल असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे वाढणाऱ्या बहुतेक अल्कली नुसती सोसणाऱ्या. तुमच्या सांडपाण्यात दोन्ही सापडतील असं वाटतं, आणि प्रकल्पात तेही लिहिण्यासारखं आहे.