बर्फावरच्या ट्रेकसाठी मायक्रोस्पाइक की क्रॅम्पॉन? (आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

ताई: पुढच्या महिन्यात खिंड ओलांडायचा ट्रेक आहे. उंची ४,७०० मीटर, शेवटच्या टप्प्यात बर्फ. सामानाच्या यादीत नुसतं लिहिलंय 'मायक्रोस्पाइक किंवा क्रॅम्पॉन'. मामा, नक्की काय घेऊ?

दादा: सरळ क्रॅम्पॉन घे. दाते मोठे, पकड जास्त.

मामा: घाई नको. दोन्ही बुटाखाली चढवायचे धातूचे दाते. पण मायक्रोस्पाइक म्हणजे ताणणाऱ्या रबराला जोडलेल्या साखळ्या आणि बारीक दाते, क्रॅम्पॉन म्हणजे धातूच्या चौकटीवरचे लांब दाते. आधी बूट हातात घे. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धर आणि वाकवून बघ. किती वाकतो ते सांग.

ताई: सहज वाकला. चवड्यापाशी जवळजवळ दुमडतोय.

मामा: मग क्रॅम्पॉनचा विषय इथेच संपला. क्रॅम्पॉनची चौकट ताठ असते आणि तुझा तळवा प्रत्येक पावलाला वाकणार. त्या ओढाताणीत पट्टे सैल होतात, बूट चौकटीतून निसटतो, कधी मधली पट्टीच तुटते. आणि हे सपाटीवर होत नाही, चढावर जोर दिला की होतं.
बुटांची आणि क्रॅम्पॉनची जोडी ठरलेली असते. बी-१ म्हणजे थोडा ताठ बूट, त्याला नुसत्या पट्ट्यांचे सी-१. बी-२ ला टाचेवर खाच असते, म्हणून सी-२ ची मागची खटकी तिथे बसते. बी-३ पूर्ण ताठ, पुढे-मागे दोन्हीकडे खाच, त्याला सी-३. तुझा बूट यातल्या पहिल्या पायरीवरही नाही. त्यात वाईट काही नाही, चालायला तोच आरामाचा. पण त्याला मायक्रोस्पाइकच शोभतात.

दादा: पण मामा, मायक्रोस्पाइकचे दाते सेंटीमीटरभराचे. कडक बर्फावर पुरतील?

मामा: प्रश्न बरोबर आहे. वाट मळलेली असेल, चढ बेताचा असेल तर पुरतात, आणि छान पुरतात. साधारण २५-३० अंशांच्या पुढे चढ गेला, खाली लांब घसरण असली आणि बर्फ टणक असला, की ते पुरत नाहीत. तिथे ताठ बूट, क्रॅम्पॉन, बर्फात रोवायची कुऱ्हाड म्हणजे आईस अ‍ॅक्स आणि ते वापरायचा सराव हे सगळं एकत्रच लागतं. म्हणून ताई, ट्रेक नेणाऱ्यांना 'बर्फ आहे का' असं विचारू नकोस. 'सर्वांत तिरपा टप्पा किती, तो पहाटे ओलांडायचा की उन्हात, आणि घसरलं तर खाली काय आहे' हे विचार. पहाटे जो बर्फ काचेसारखा असतो तोच दुपारी गुडघाभर भुसभुशीत होतो. भुसभुशीत बर्फात दात्यांचा उपयोग जवळजवळ नाही, तिथे गेटर हवेत, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं.

मावशी: चांगल्या बुटाचं रबर पकडत नाही का रे? तळव्याला केवढ्या खाचा असतात.

मामा: अक्का, खडकावर पकडतं, ओल्या मातीत पकडतं. टणक बर्फावर नाही. खरं तर तो खाचांचा रबरी तळवा दुर्घटनेतूनच आला. १९३५ मध्ये आल्प्समध्ये पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक वादळात सापडून गेले, खडकावर चढायचे पातळ जोडे पायात असताना. विताले ब्रामानी त्या चमूत होते. त्यानंतर त्यांनी खडक, माती, बर्फ सगळीकडे चालेल असा रबरी तळवा तयार केला, तो १९३७ मध्ये आला. बुटांच्या तळव्यावर दिसणारं विब्राम हे ब्रँडचं नाव त्यांच्याच नावावरून. त्याआधी बुटाला लोखंडी खिळे ठोकत. खिळे बर्फात रुतायचे, पण त्यांतून थंडी थेट पायात शिरायची. रबराने पाय उबदार ठेवला, बर्फावरची पकड मात्र दात्यांवरच राहिली.

दादा: म्हणजे क्रॅम्पॉन त्याहून जुने?

मामा: खूप जुने. आताच्या धर्तीचा दहा दात्यांचा क्रॅम्पॉन १९०८ च्या सुमारास ऑस्कर एकेनश्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने आखला आणि इटलीतल्या कुर्मायर गावच्या आँरी ग्रिव्हेल या लोहाराने घडवला. पुढे झुकलेले दोन दाते १९२९ मध्ये आले. मधली वीस वर्षं माणसं अख्खं पाऊल सपाट टेकवूनच बर्फ चढली. ताई, तुला नेमकी तीच चाल शिकायची आहे. बुटाच्या कडेवर उभं राहायची सवय मोडायची, सगळे दाते एकदम टेकले पाहिजेत. पावलं थोडी फाकवून टाक, नाहीतर एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या पायजम्यात अडकतात.

मावशी: आणि घसरलीच तर?

मामा: मायक्रोस्पाइक असोत वा क्रॅम्पॉन, दाते बर्फात रोवून थांबायचा प्रयत्न करायचा नाही. वेगात दाता अडकला की घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो. पालथं व्हायचं, गुडघे वाकवून पावलं वर उचलायची. आणि बसून घसरगुंडी करायची हौस आली तर आधी दाते काढायचे. यात मी कुणाचं ऐकत नाही.
माझी एक चूक सांगतो. एकदा मी दुसऱ्याचे स्पाइक घेऊन गेलो, एक माप मोठे. आडव्या उतारावर पुढचं रबर चवड्यावरून सरकलं, साखळी तळव्याच्या बाजूला आली आणि मी गेलो. वीसेक फुटांवर मऊ बर्फ होता म्हणून थांबलो. गुडघा महिनाभर सुजला होता. त्या दिवसापासून स्वतःच्या बुटावर चढवून पाहिल्याशिवाय मी काही नेत नाही.

ताई: माप कसं बघायचं मग?

मामा: बुटाचा आकडा सोड, बाहेरून बूट केवढा आहे ते महत्त्वाचं. जाड तळव्याच्या बुटाला वरचं माप लागू शकतं. रबर ताणून बसलं पाहिजे, साखळी तळव्याला चिकटून हवी. पण इतकं घट्टही नको की बोटं बधिर होतील. थंडीत रक्त कमी पोचलं तर हिमदंश व्हायला वेळ लागत नाही. ट्रेकचे जाड मोजे घालूनच बघ. आणि हातमोजे घालून पाच वेळा चढव-उतरव कर, वर बोटं चालत नाहीत.

(दोन दिवसांनी)

ताई: मामा, घेतले. पहिलं माप सैल निघालं, जिन्यावर पाय वळवला की साखळी सरकत होती. एक माप लहान घेतलं, ते पक्कं बसलं. हातमोज्यांनी पहिल्यांदा चार मिनिटं लागली, आता दीड मिनिटात होतात.

मामा: शाब्बास. चालताना मधूनमधून तळवे बघत जा. ओला बर्फ दात्यांमध्ये साचून गोळा झाला की दाते टेकतच नाहीत, चालायच्या काठीने टकटक करून तो पाड. तिरप्या टप्प्याचं विचारलंस का?

ताई: विचारलं. एक आडवा टप्पा आहे, पहाटे ओलांडायचा. तिथे ते पायऱ्या खोदून दोर लावणार आहेत. दोर नसेल तर मी परत फिरेन, हे त्यांना आताच सांगून ठेवलंय.

मावशी: हे बरं केलंस.

मामा: आणि सॅकमध्ये ठेवताना जाड पिशवीत ठेव, दाते पाण्याच्या पिशवीला भोक पाडतात.