शब्दचर्चा: 'डिस्कनेक्ट' आणि 'लॉग ऑफ' यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: सामायिक सर्व्हरांवरच्या रिमोट डेस्कटॉप जोडण्या (दूरच्या सर्व्हरचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर वापरणे) सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे मराठीकरण चालू आहे. मसुद्यात 'डिस्कनेक्ट' आणि 'लॉग ऑफ' दोन्हींना 'बाहेर पडा' आले आहे. चालेल का? 'आयडल', 'ब्रोकर' आणि 'ड्रेन मोड' यांनाही शब्द हवेत.

उत्तर १: अजिबात चालणार नाही. खिडकीच्या फुलीवर टिचकी मारली की तुटते ती फक्त जोडणी. सत्र, म्हणजे तुमचे सेशन, सर्व्हरवर तसेच राहते: उघड्या फायली, चालू प्रोग्राम, अडलेली मेमरी, घेतलेला फ्लोटिंग (अनेकांनी आळीपाळीने वापरायचा) परवानाही. लॉग ऑफ केले की सत्रच संपते आणि जतन न केलेले काम जाते. दोन्हींना एकच शब्द दिलात तर कोणी रात्रभराचे सिम्युलेशन स्वतःच्या हाताने मारेल, आणि कोणी घरी जाऊनही परवाना अडवून बसेल.

सभेच्या भाषेत याची सोय आधीच आहे. सभा तहकूब होते, तशीच समाप्तही होते. डिस्कनेक्टेड सेशन म्हणजे 'तहकूब सत्र'.

उत्तर २: 'तहकूब' स्थितीच्या रकान्यात शोभेल, बटणावर नाही. बटणावर परिणाम लिहा: 'जोडणी सोडा (काम चालू राहील)' आणि 'सत्र संपवा (प्रोग्राम बंद होतील)'. लांब झाले तरी चालेल.

रकान्याचे भाषांतर मात्र कराच. विंडोजमध्ये 'क्वेरी सेशन' ही आज्ञा दिली की तहकूब सत्रापुढे 'डिस्क' एवढेच येते, आणि नवखा माणूस हार्ड डिस्क शोधायला लागतो. त्याच ओळीतला क्रमांक घेऊन 'लॉगऑफ ३' अशी आज्ञा दिली की ३ क्रमांकाचे सत्र संपते. क्रमांक दोनदा वाचा. आज्ञा 'नक्की का?' असे विचारत नाही.

उत्तर ३: 'आयडल'ला सगळे 'निष्क्रिय' लिहितात, आणि घोळ तिथेच होतो. विंडोजमधली 'आयडल' मुदत कळफलक आणि माउस किती वेळ शांत आहेत ते मोजते, प्रोसेसर किती राबतो आहे ते नाही. शंभर टक्के भाराने गणित चालू असले तरी सत्र 'निष्क्रिय' ठरते. 'हालचाल नाही' हे जास्त खरे.

शिवाय मुदती दोन आहेत. पहिली संपली की सत्र तहकूब होते, दुसरी संपली की तहकूब सत्र संपते. 'मुदत संपताच सत्र संपवा' हे धोरण लावले असेल तर पहिल्या मुदतीलाच खेळ आटोपतो. म्हणून सूचनेत नुसते 'मुदत संपली' नको, कोणती ते लिहा.

उत्तर ४: ब्रोकरला 'दलाल' नको, 'सत्रवाटप सेवा' म्हणा. तुमचे तहकूब सत्र कोणत्या सर्व्हरवर आहे हे ती लक्षात ठेवते आणि परत आल्यावर तिथेच पाठवते. सत्र नसेल तर कमी भाराचा सर्व्हर देते. तिला वगळून थेट एखाद्या सर्व्हरला जोडले तर कोरा डेस्कटॉप दिसू शकतो आणि माणूस ओरडतो, 'काम गेले!' काम शेजारच्या सर्व्हरवर शाबूत असते. गेटवे हा निराळा: तो बाहेरून ४४३ पोर्टावर (सुरक्षित वेबच्या दारावर) येणारी जोडणी आत ३३८९ कडे, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या पोर्टाकडे, नेतो. त्याला 'प्रवेशद्वार' ठीक.

ड्रेन मोडला 'निचरा' सुचेल, पण त्यातून आतल्यांना हाकलल्याचा भास होतो. प्रत्यक्षात चालू सत्रे चालू राहतात, तहकूब सत्रांकडे परतताही येते. फक्त नवे सत्र मिळत नाही. 'नवीन सत्रे बंद' एवढे पुरे.

उत्तर ५: लिनक्सच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) तहकुबीचा भरवसा धरू नका. तिथे व्हीएनसीचा (रिमोट डेस्कटॉपचाच दुसरा प्रकार) डेस्कटॉप बहुधा स्लर्मच्या जॉबमध्ये चालतो; स्लर्म म्हणजे क्लस्टरवरची यंत्रे ठरावीक वेळेसाठी वाटून देणारे सॉफ्टवेअर, आणि जॉब म्हणजे असे एक वाटप. फुली मारली तरी तो राहतो, पण जॉबची वेळ संपली की जतन न केलेल्या कामासकट जातो. उरलेली वेळ सत्राच्या नावाशेजारीच दाखवा.  तिथे 'सत्र संपवा'चा अर्थ जॉब रद्द करणे. नुसता व्हीएनसी मारला तर, जॉबची स्क्रिप्ट कशी लिहिली आहे त्यावर, नोड (क्लस्टरमधला संगणक) अडून राहू शकतो.

जाता जाता: मसुद्यात एके ठिकाणी 'सामयिक सर्व्हर' झाले आहे. सामयिक म्हणजे काळाशी संबंधित. सामाईक भिंतीतला 'सामाईक' घ्या, गल्लतच नको.