मदत हवी आहे: ५८००एक्ससाठी बी५५० मदरबोर्ड कोणता घ्यावा?

रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर सध्या ए३२० मदरबोर्डवर आहे. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) रेंडर लावला की थोड्याच वेळात प्रोसेसरचा क्लॉक (वेग) ४.४ गिगाहर्ट्झवरून थेट ०.५५ वर आदळतो, सावरतो, पुन्हा तेच. प्रोसेसर तेव्हा ७८ अंशांवरच असतो, म्हणजे कूलर बदलून काही साधणार नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) व्हीआरएम, म्हणजे बोर्डवरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, ११५ अंश दिसतंय आणि त्यातल्या मॉसफेट चिप्सवर हीटसिंकच नाही. बायॉसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग्ज) पीपीटी, म्हणजे प्रोसेसरची वीज-मर्यादा, १४२ वरून ८८ वॉटवर आणलं की त्रास बंद. त्यामुळे ‘प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला’ कृपया नको!

बी५५० मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) बोर्ड घ्यायचाय, बजेट १२ हजार. व्हीआरएमच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने पक्का बसवलेला हीटसिंक हवा. प्लास्टिकच्या पिनांवरचा नको, तो थर्मल पॅडवर नीट दाबला जात नाही. चार रॅम स्लॉट हवेत. वायफाय नसलं तरी चालेल. प्रोसेसरशिवाय बायॉस अपडेट करायचं बटण मात्र हवंच, कारण २०२० च्या मध्यातल्या जुन्या स्टॉकमधल्या बोर्डवर ५००० सिरीज (५८००एक्स त्यातलाच) बायॉस अपडेटशिवाय सुरूच होत नाही.

एमएसआय बी५५०एम मॉर्टार की आसूस टफ बी५५०एम-प्लस? उन्हाळ्यात, एसी नसलेल्या खोलीत, अर्धा तास सगळे कोअर लोडवर ठेवून व्हीआरएमचं तापमान कुणी पाहिलंय का? आकडा आणि कॅबिनेटमधले पंखे किती, तेवढं सांगा.