अनुभव धागा: "तुम्ही नक्की कोण?"

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आडनाव गावावरून, शेवटी '-कर', त्यामुळे शाळेत कुणाला वेगळं वाटलं नाही. अकरावीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात 'इतर'वर खूण करताना मात्र हात अडखळला. आजोबा म्हणाले, "नागरिक म्हणून सगळे सारखे, एवढं पुरे." २०१६मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा मला आनंद झाला, आणि आजोबांचं वाक्यही आठवलं. मला दोन्ही हवं आहे: बरोबरीही आणि नावही. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर लिहा. ज्यूच असायला हवं असं नाही.

अश्दोदहून (इस्राएल)
भारतात आईला कुणी "तुम्ही खरे ज्यू का?" विचारलं नव्हतं. इस्राएलमध्ये विचारलं. साठच्या दशकात लग्न नोंदवायला जाणाऱ्या बेने इस्राएल जोडप्यांच्या मागच्या पिढ्या तपासायचा हुकूम निघाला होता. आईच्या आईची आई कोण? आमच्याकडे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेल्या, पूर्वजांच्या जहाजाची गोष्ट होती, तिचा कागद कुठून आणणार? १९६४मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. त्याच ऑगस्टमध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असं क्नेसेटनं, म्हणजे इस्राएलच्या संसदेनं, जाहीर केलं. आईनं लग्नाचा दाखला शेवटपर्यंत दागिन्यांच्या डब्यात ठेवला.

अलिबागहून
मी हिंदू, लहानपण इस्राएल आळीशेजारी. आजी तिथल्या ज्यूंना 'शनवार तेली' म्हणायची, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद. एलियाहू हन्नाबीच्या नावाचा मलिदा आमच्याकडे यायचा: गोड पोहे, खोबरं, फळं. आवडीनं खाल्ला, पण हा नबी कोण, हे कधी विचारलं नाही. न विचारणं हाच मोठेपणा वाटायचा. शेजारचं घर रिकामं झालं, तेव्हा त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे मलिद्याशिवाय काही नव्हतं.

न्यू जर्सीहून
ऑक्टोबर २०२३मध्ये इस्राएल-हमास युद्ध पेटलं, त्यानंतरची गोष्ट. विद्यापीठातल्या भारतीय मुलांबरोबर दिवाळीची तयारी करत होते. मला आधी इस्राएल सरकारबद्दल मत विचारलं. रांगोळी काढणाऱ्या दुसऱ्या कुणाला कुठल्याच सरकारबद्दल विचारलं नाही. त्या सरकारवर मी टीका करते, पुढेही करेन. पण सोबत बसायची ती अट का? त्याच शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतिदिवसाच्या, जेवणाला एकीनं अगदी प्रेमानं विचारलं, "तू धर्म कधी बदललास?" रात्री आईला फोन करून खूप रडले.

पुण्याहून
लाल देवळाच्या, म्हणजे आमच्या सिनेगॉगच्या, दाराशी पोलीस का, असं सहा वर्षांचा नातू विचारतो. २००८च्या अतिरेकी हल्ल्यात मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रात काय झालं, ते एवढ्या लहान मुलाला कुणी सांगितलं असेल, तर कसं सांगितलंत ते लिहा.