पाणीवाटपाच्या फेरआढाव्यावर हरकत: काय लिहू?

निफाडचा_बागायतदार: गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपावर हरकत पाठवायचीये. बाग पालखेड कालव्यावर. १५ ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांखाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, आणि नेमकी तेव्हाच आमची द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची)! ‘नाशिकवर अन्याय’ एवढं लिहून भागेल?

कालवा_निवृत्त: अजिबात नाही. असल्या पत्रांचे गठ्ठे बांधलेत मी. ६५ चा आकडा खोऱ्यातल्या पाणीवाटपावरच्या २०१३ च्या मेंढेगिरी समितीचा, त्यामागे २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातलं समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्यांना न्याय्य वाटा. भांडायचं तर आकड्यांवर भांडा. कालव्याची पाळी (पाणी सोडायची वेळ) ठरली कधी, मिळाली कधी? कालव्याच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं का? कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी वाटेत किती मुरतं, ते मोजून जाहीर करा म्हणावं. गंगापूर धरणात गाळ किती, शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतीला किती देणार, हेही विचारा. (हे विचारलं की सभेत सगळे चहा मागवतात.)

पैठणची_मोसंबी: दादा, खाली आम्हीही बागाच जगवतो. वहनव्ययाचा, म्हणजे वाटेत मुरणाऱ्या पाण्याचा, मुद्दा मात्र लिहाच, मीही लिहिणारे.

निफाडचा_बागायतदार: बरं ताई. मग आमच्या पाणीवापर संस्थेच्या (कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या) ठरावासह पाठवतो. काका, मसुदा बघाल का?

कालवा_निवृत्त: पाठवा. दोन पानांच्या वर नको.