१ कोटी ८० लाख माणसं आणि जागा एवढीशी, नेदरलँड्सनं अजून लोक वाढवावेत का?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण डोक्यातनं जात नाही म्हणून टाकतोय. आमची मोठी मुलगी गेल्या सप्टेंबरपासनं नेदरलँड्सला आइंडहोवनला आहे, चिप बनवायच्या मशिनरीच्या लाईनमधे. पगार चांगला, काम मनासारखं, पण राहायला घर नाही. आल्यापासनं तीन खोल्या बदलून झाल्या. एक खोली बघायला गेली तर जिन्यात तीस-पस्तीस पोरंपोरी लाईन लावून उभी, प्रत्येकाच्या हातात पगाराची स्लिप. शेवटी एक मिळाली तर मालक म्हणतो या पत्त्यावर नाव नोंदवायचं नाही, आणि तिकडं पालिकेत पत्ता नोंदवला नाही तर पुढची सगळी कागदपत्रं अडतात.

आता प्रश्नाकडं येतो. ऑफिसात जेवताना एका डच सहकाऱ्यानं तिला विचारलं (माणूस चांगला आहे, वाईट हेतूनं नाही), की आमचा देश आता भरलाय असं तुला वाटत नाही का. ती गप्प बसली. रात्री फोनवर मला म्हणते, पप्पा, मी इथं येऊन कुणाची तरी जागा घेतली का हो? मला काही उत्तर देता आलं नाही. तवापासनं झोप नीट नाही.

मी बसून हिशेब काढला. आपलं कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे एकत्र केले तर साधारण ४१ हजार चौरस किलोमीटर होतात, अख्खा नेदरलँड्स तेवढाच, त्यातही पाचवा हिस्सा पाणी. आपल्या चार जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेला १ कोटी ४० लाख माणसं होती, त्यांच्यात १ कोटी ८० लाख. मग अशा देशानं अजून माणसं वाढवावीत का थांबावं? ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, मनापासनं विचारतोय.

फौंड्रीवाला_शिरोली

काका, पोरीला सांगा कुणाची जागा बिगा घेतली नाही. तुला बोलवून घेतलंय, कामाची गरज होती म्हणून बोलवलंय.

माझी छोटी फौंड्री आहे. मोल्डिंगला आणि फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) २२ माणसं, त्यातली १६ बिहार ओडिशाची. जाहिरात लावली, गावोगावी सांगून बघितलं, आपली पोरं येत नाहीत, भट्टीपुढं उभं राहायला कुणी तयार नाही, आणि आलं तरी आठवड्यात पळतं. लॉकडाऊनला ती १६ जणं गावाकडं गेली तवा दोन महिने कास्टिंग बंद, हप्ते मात्र चालू. त्याच तालुक्यातली माणसं येऊन मला म्हणायची की ही बाहेरची लई झालीत, भाडी वाढवून ठेवलीत. भाडी वाढली हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण ती नसती तर तुमचा भाडेकरू कुठला आणि माझा कारखाना कुठला? नेदरलँड्सच्या ग्रीनहाऊसमधे टोमॅटो-ढबू मिरची तोडायला पोलंडची माणसं असतात, तिथंबी हीच गत आहे. माणसं नको म्हणायचं तर आधी कामं कमी करायची तयारी पाहिजे.

कळंबा_ते_नायमेगन

काका, मी ११ वर्षं इथं आहे, नायमेगनला, मूळचा कळंब्याचा. थोडं लांब लिहितो, चालवून घ्या.

आकडे असे आहेत की २०१६ च्या मार्चमधे १ कोटी ७० लाख झाले आणि २०२४ च्या ऑगस्टात १ कोटी ८० लाख. म्हणजे आठ-साडेआठ वर्षांत दहा लाख. हे काय पाळण्यातनं वाढलेले नाहीत. २०२२ पासनं इथं जन्मापेक्षा मृत्यू जास्त आहेत, एका बाईमागं सरासरी दीड मूलसुद्धा होत नाही. वाढ सगळी बाहेरनं येणाऱ्यांची, त्यात युक्रेनमधनं जीव वाचवून आलेले आहेत, पोलंड-रोमानियाचे कामगार आहेत, शिकायला आलेली पोरं आहेत आणि तुमच्या मुलीसारखे माझ्यासारखे पण आहेत.

सरकारनं एक समिती बसवली होती, २०५० पर्यंत देशात किती माणसं असावीत यावर. २०२४ च्या जानेवारीत अहवाल आला. २०५० ला १ कोटी ९० लाख ते २ कोटी, म्हणजे हळूहळू आणि बेतानं वाढ, असं त्यांनी सुचवलं. कारण एकदम दार लावलं तर म्हातारी माणसं जास्त आणि कमावणारे हात कमी, आणि आत्तासारखं मोकाट सोडलं तर घरं, शाळा, दवाखाने पुरायचे नाहीत. मला हे पटतं.

पण घराची टंचाई फक्त माणसं आली म्हणून झाली असं जे बोललं जातं ते अर्धंच खरं आहे. चार लाखांच्या आसपास घरं कमी पडतात. इथं दहा घरांतली चार घरं एकट्या माणसाची आहेत. एकटी आजी, एकटा घटस्फोट झालेला माणूस, एकटी नोकरी करणारी पोरगी. माणसं आहेत तेवढीच राहिली तरी घरं जास्त लागणार. दुसरं म्हणजे गाई. आपल्याकडं जसं गोकुळ तसं इथंही दूध म्हणजे जीव की प्राण, पंधरा-सोळा लाख दुभती जनावरं, आणि निम्म्याहून जास्त जमीन शेतीखाली. शेणामुताचा अमोनिया हवेत जातो तो जंगलात, माळावर जाऊन बसतो, झाडं मरतात. त्या अमोनियात नायट्रोजन असतो, आणि बांधकामातनंही नायट्रोजन हवेत जातो. ज्या स्कीमखाली सरकार या दोन्हीला परवाने द्यायचं ती नायट्रोजनची स्कीमच २०१९ च्या मे महिन्यात इथल्या वरच्या कोर्टानं मोडीत काढली, त्यामुळं बांधकामाचे हजारो परवाने अडकले, आणि ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हायवेवर आले. घर बांधायचं तर कोर्ट, गाई कमी करायच्या तर शेतकरी. तुमच्या मुलीच्या भागात, ब्राबांटमधे, विजेच्या लाईनी एवढ्या भरल्यात की नव्या कारखान्याला जादा कनेक्शन मागितलं तर वेटिंग लिस्ट. मग सांगा, जागा कुणी घेतली?

आणि अख्खा देश गच्च आहे असंही नाही हो. अॅमस्टरडॅम, युट्रेख्ट, आइंडहोवन इथं पाय ठेवायला जागा नाही, पण ग्रोनिंगेनच्या पूर्वेला, लिंबर्गच्या काही गावात शाळा बंद पडतायत, दुकानं बंद पडतायत.

झेडपीच्या बाई

शाळा बंद पडायचं वाचलं म्हणून लिहिते. मी शाहूवाडी तालुक्यात वाडीवरच्या शाळेत शिकवते. १९९८ ला रुजू झाले तवा पहिलीत २६ पोरं होती, मी दोन सतरंज्या जोडून बसवायची. यंदा पहिलीत तीन. तिघांची हजेरी घेताना वहीची पानं मोकळी दिसतात ते फार लागतं मनाला. त्याच जिल्ह्यात हातकणंगले, करवीरकडं वर्गात बसायला बाक पुरत नाहीत. त्यामुळं "देश भरला" हे वाक्य मला कधी कळलंच नाही, कुठं भरला ते सांगा.

दुसरं एक सांगायचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसं किती असावीत हे वरनं ठरवायला लागलं की त्याचा भार कुणावर पडतो ते आपण या जिल्ह्यात भोगलंय. दोनच मुलं पाहिजेत आणि त्यात मुलगा पाहिजेच, या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि सोनोग्राफीची मशिनं आली. २००१ ला आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. २०११ ला ८६३. माझ्या हजेरीपटात एक वर्ष अकरा मुलगे आणि चार मुली होत्या, त्या चार मुली आजही नावानिशी आठवतात. जन्माला न आलेल्या सातजणींचं काय? आणीबाणीत नसबंदीसाठी शिक्षकांना कोटा दिलेला, माझे वडील पण शिक्षक होते, ते शेवटपर्यंत त्याबद्दल बोलताना मान खाली घालायचे.

तिकडं डच लोक कुणाला मुलं होऊ देऊ नका म्हणत नाहीत हे मला कळतं, ते येणाऱ्यांचं बोलतायत. पण आकडा ठरवताना त्या आकड्यात माणसं असतात हे कुणीतरी सतत सांगत राहायला पाहिजे. आपल्या मुलीच्या मनात अपराधी भावना आली ना, तीच मला खुपली.

घाटावरचा

बाईंचं सगळं मान्य, तरी मी उलट बाजूनं बोलणार. वाढ थांबवायलाच पाहिजे. प्रत्येक वेळी हेच ऐकतो की कामाला माणूस नाही, म्हातारे वाढलेत, अजून माणसं आणा. आज आणलेली माणसं तीस वर्षांनी म्हातारी होणार का नाही? मग त्यांना सांभाळायला अजून आणणार? याला शेवट कुठं आहे? फौंड्रीवाले दादा, राग मानू नका, पण पगार वाढवला, धुराला एक्झॉस्ट बसवला, मशिन घेतलं तर आपली पोरंसुद्धा येतील. ऊसतोडीचं बघा, बीडच्या टोळ्या मिळेनात म्हटल्यावर हार्वेस्टर आलेच की फडात. स्वस्तात माणूस मिळतो तोवर कुणी सुधारणा करत नाही. नेदरलँड्सचा चौथा भाग समुद्रापेक्षा खाली आहे, तिथं अजून किती ओझं टाकणार? पंचगंगेच्या घाटावर बसून नदीचं पाणी बघत मोठा झालोय, माणूस वाढला की पहिला घाव नदीवर बसतो हे डोळ्यानं बघितलंय, मेलेले मासे काठाला लागलेले बघितलेत.

फौंड्रीवाला_शिरोली

राग नाही भावा. एक्झॉस्ट बसवलाय गेल्या वर्षी, कर्ज काढून. तरी सोळाचे सोळा बाहेरचेच आहेत. पण पगाराचं बोललास ते बरोबर आहे, तिथं मी कमी पडतोय.

चिखलीकर

नदीचं निघालं म्हणून मीबी चार ओळी लिवतो. आमची चिखली म्हणजे प्रयाग चिखली, नदीच्या कुशीत. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ आणि २०२१ ला दोन्ही टायमाला ५५ च्या वर गेलं पाणी. २०२१ ला म्हशी सोडून रात्री अकराला बोटीत बसलो, म्हातारी आई बोटीत चढेना, म्हणत होती जनावरं बांधलेली आहेत दावं तर सोड. परत आलो तर घरातल्या भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ. ती अजून पुसली न्हाई, रंग दिला तरी वर येतीय.

१९८९ च्या पुरानंतर आमाला सोनतळीला जागा दिल्या. तरी निम्मं गाव खालीच, कारण रान खाली, गोठा खाली. आणि तिकडं शहरात काय चाललंय? ज्या जागी आमच्या लहानपणी पुराचं पाणी पसरायचं तिथं आता चार-चार मजली अपार्टमेंट हाईत. पाणी पसरायची जागा संपली मग ते आमच्याकडं फुगतंय. महापालिका १९७२ ला झाली, हद्दवाढीचं घोंगडं किती वर्सं भिजत पडलंय. शहराला वाढायचंय, गावांना शहरात जायचं न्हाई, आणि मधल्या मधे बांधकाम रेड झोनमधे, म्हंजे पुराच्या पट्ट्यात.

माझं म्हणणं एवढंच की माणसं किती ते मागनं बघू. पहिलं पाण्याची जागा ठरवा, रानाची ठरवा, मग राहील त्यात किती घरं बसतात ते मोजा. आमच्याकडं उलटं केलं, पहिली घरं बांधली आणि मग पाण्याला म्हणतोय तू सर.

नायमेगनवाले दादा, तुमच्यात नदीचं काय करतात ते सांगा की.

कळंबा_ते_नायमेगन

दादा, तुम्ही नेमकं माझ्या गावाचंच विचारलंत. १९९५ ला इथं नद्या एवढ्या फुगल्या की अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर यांनी बांध अजून उंच करायचं सोडून नदीलाच जागा द्यायची असं ठरवलं. नायमेगनसमोर वाल नदी एकदम अरुंद होते, बाटलीच्या मानेसारखी. तिथला बांध साडेतीनशे मीटर मागं घेतला, बाजूनं दुसरा प्रवाह खोदला, मधे बेट तयार झालं. त्यासाठी पन्नासेक घरं उठवली. भांडणं झाली, लोक रडले, वर्षानुवर्षं मीटिंगा झाल्या, पण घराचे पैसे आणि दुसरी जागा आधी ठरली, घर नंतर पडलं. दुसऱ्या एका ठिकाणी तर गोठे आणि घरं उंच मातीच्या टेकाडावर नेऊन बांधून दिलीत, खालचं रान पुराला मोकळं. तुमच्या आईला ते आवडलं असतं, जनावरं सोबतच वर.

आणि हे ज्या देशात घरं कमी पडतायत तिथं केलंय, एवढी दाटी असताना. म्हणून मी घाटावरच्या मित्राला सांगेन की थांबवा म्हणणं सोपं आहे पण या लोकांनी माणसं आणि नदी दोन्हीला जागा करून दाखवलीय, फक्त वेग बेतात ठेवायला पाहिजे. वर्षाला सव्वा लाख माणूस वाढत असेल आणि घरं त्या हिशेबानं उठत नसतील तर कुणाच्याही घरात भांडण लागणारच.

काका, मुलीला सांगा खोलीचा करार करताना "पत्ता नोंदवता येईल" हे वाक्य लिहून घे, तोंडी चालत नाही. आणि ऑफिसच्या एचआरला सरळ सांगायला लाव, बोलवून घेतलंय तर राहायची सोय बघणं त्यांचंही काम आहे.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं काल रात्री मुलीला वाचून दाखवलं, चिखलीकरांचं वाचताना माझाच आवाज बसला, २०२१ ला आम्ही शिरोलीच्या पुलापाशी हायवे पाण्याखाली गेलेला बघायला गेलो होतो, तिला पण आठवलं.

तिनं दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्यालाच विचारलं, की भरलाय म्हणजे नेमकं काय होतं तुझ्याकडं. तर त्याची दोन मुलं, पंचवीस आणि अठ्ठावीस वर्षांची, घर मिळत नाही म्हणून अजून त्याच्याच घरी आहेत, मोठ्याचं लग्न त्यामुळं लांबलंय. आणि त्याची आई ८१ वर्षांची, चार खोल्यांच्या घरात एकटी, तिला अंघोळ घालायला सकाळी येणारी बाई रोमानियाची. ती बाई सुट्टीवर गेली की याला ऑफिसला उशीर होतो. हे सांगताना तो स्वतःच थांबला म्हणे, आणि मग दोघं बराच वेळ बोलत बसले. मुलगी म्हणाली पप्पा, तो माझ्यावर रागावलेला नव्हताच, त्याच्या पोरांची काळजी होती.

मला स्वतःला बेतानं वाढ हेच पटलं. चिखलीकरांचं तर पूर्ण पटलं. घाटावरच्या भाऊंचा तीस वर्षांचा प्रश्न मात्र अजून माझ्याजवळ तसाच आहे, त्याला उत्तर मिळालं नाही.

शनिवारी ती अजून एक खोली बघायला जाणार आहे, सायकलनं वीस मिनिटांवर. नोंदवता येईल का ते आधीच मेलवर विचारून घेतलंय, हो म्हणालेत. भाडं जास्त आहे. नायमेगनवाले दादा, करार डच भाषेत असला तर तुम्हाला एकदा पाठवू का?